विद्यापीठाचा परिचय लिहायचाय? आधी गुणपत्रिका समोर घ्या

कपाटातली फाइल काढा, कुठल्याही सत्राची गुणपत्रिका टेबलावर ठेवा आणि मग वही उघडा. 'आपल्या विद्यापीठाचा इतिहास आणि आजचं स्वरूप' हा प्रकल्प दरवर्षी मुंबई विद्यापीठाच्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजात दिला जातोच. माझी सगळी नोकरी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. आता निवृत्त आहे, पण नौपाड्यात राहते म्हटल्यावर मुलांना घर सापडतं. कुणी घोडबंदरहून येतं, कुणी कळव्याहून, मध्यंतरी ऐरोलीची दोघं आली होती. सगळ्यांच्या हातात एकच ऐवज: राजाबाई टॉवरचा फोटो, 'देशातील सर्वात जुन्या विद्यापीठांपैकी एक' हे वाक्य, आणि मग थोर माजी विद्यार्थ्यांची लांबलचक यादी. मजकूर कुठून उचललाय ते मला पहिल्या ओळीत कळतं, सरांनाही कळतं, फक्त सर बोलत नाहीत.

तर गुणपत्रिका. नीट वाचा. वर विद्यापीठाचं नाव आणि बोधचिन्ह, कॉलेजचं नाव त्याच्या खाली, बऱ्याचदा नुसत्या संकेतांकासकट. सही तुमच्या प्राचार्यांची नाही. ती परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांची. तुमचा पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, सोळा आकडी असतो आणि त्यातले पहिले चार आकडे म्हणजे तुम्ही विद्यापीठाच्या दप्तरात दाखल झालात ते वर्ष. आता विचार करा. वर्ग कॉलेजचा, बाक कॉलेजचा, हजेरी कॉलेजने घेतली, फीसुद्धा कॉलेजच्या खिडकीवर भरली. विद्यापीठाचा आणि तुमचा संबंध आला तो परीक्षेपुरता. (स्वायत्त कॉलेजात असाल तर परीक्षाही कॉलेजच घेतं, तरी पदवी विद्यापीठाचीच मिळते. तुमच्या गुणपत्रिकेवर दोघांची नावं कशी मांडलीत ते बघा, त्यावर एक परिच्छेद होतो.)

हे असं का, याचं उत्तर म्हणजेच मुंबई विद्यापीठाचा इतिहास. हे विद्यापीठ शिकवायला जन्माला आलं नाही, परीक्षा घ्यायला जन्माला आलं. प्रकल्पाचं पहिलं वाक्य याच अर्थाचं लिहा, बाकीचं त्याच्या मागून आपोआप येतं.

सनावळ्या लागतीलच, पण कमी आणि पक्क्या. १८५४ साली चार्ल्स वुडचा शिक्षणविषयक खलिता आला; कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या लंडनच्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा हा अध्यक्ष. इलाख्यांच्या राजधान्यांत विद्यापीठं काढा आणि ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर काढा, असं त्यात होतं. लंडन विद्यापीठ तेव्हा स्वतः शिकवत नसे. निरनिराळ्या कॉलेजांतली मुलं येत, परीक्षा देत, पदवी घेऊन जात. तोच नमुना इथे उतरला. १८५७ साली कलकत्ता २४ जानेवारीला, मुंबई १८ जुलैला आणि मद्रास ५ सप्टेंबरला, अशी तीन विद्यापीठं एकाच वर्षात स्थापन झाली. उत्तरेत उठाव पेटलेला असताना मुंबईत विद्यापीठाचा कायदा होत होता, हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे जरा मोठे होतात.

या विद्यापीठाला सुरुवातीला स्वतःची इमारत नव्हती. कारभार टाऊन हॉलमधून चाले, म्हणजे आज आपण एशियाटिकच्या पायऱ्या म्हणतो ती वास्तू. कॉलेजं मात्र आधीपासून होती: एल्फिन्स्टन होतं, ग्रँट मेडिकल १८४५ पासून होतं, पुण्याचं कॉलेज होतं. पहिले कुलपती गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन, पहिले कुलगुरू सर विल्यम यार्डली, मुंबईचे सरन्यायाधीश. कुलगुरूपद तेव्हा पूर्णवेळ नोकरी नव्हतं, न्यायाधीश किंवा मोठा अधिकारी ते सांभाळी. पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग, १८९२ साली. तेही उच्च न्यायालयात न्यायमूर्ती. त्यांच्यानंतर रामकृष्ण गोपाळ भांडारकर. पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली आणि बी.ए.ची पहिली तुकडी १८६२ साली बाहेर पडली. महादेव गोविंद रानडे आणि हे भांडारकर, दोघेही दोन्ही ठिकाणी आहेत. पहिल्या परीक्षेला बसलेला विद्यार्थी तीसेक वर्षांत कुलगुरू झाला, एवढं वाक्य यादीतल्या पन्नास नावांना भारी पडेल.

इमारतीचं प्रकरण लिहिताना पैसा कुठून आला ते विसरू नका. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर शेअरबाजार फुगला. त्यात सगळ्यांत वर होते प्रेमचंद रायचंद. त्यांनी १८६४ साली विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि लगोलग मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. अट एवढीच की मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव द्यायचं. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, बाजार कोसळला, प्रेमचंद स्वतः बुडाले. देणगी मात्र आधीच जमा होती. कोनशिला १८६९ साली बसली आणि काम १८७८ साली पुरं झालं. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, जे कधी भारतात आलेच नाहीत; लंडनहून कागद पाठवले आणि इथे कुर्ल्याच्या पिवळसर दगडात ते उभं राहिलं. मनोऱ्याची उंची २८० फूट. राजाबाई जैन होत्या आणि दृष्टी अधू असल्यामुळे सूर्यास्ताआधी जेवण उरकायला त्यांना घंटेची मदत व्हायची, असं सांगतात. ही गोष्ट लिहायची तर 'सांगतात' हा शब्द काढू नका.

शेजारच्या दीक्षान्त सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी एक लाख दिले. म्हणजे विद्यापीठ सरकारी कायद्याने झालं, पण दगड शेटियांच्या पैशाने लागले. हे मुंबईत फार ठिकाणी दिसतं.

आता नकाशा. प्रकल्पात मी प्रत्येकाला एक नकाशा काढायला लावते, कारण मुलांना वाटतं मुंबई विद्यापीठ म्हणजे पहिल्यापासून मुंबईपुरतं. एका कागदावर सिंधपासून कारवार-धारवाडपर्यंतचा भाग काढा. गुजरात, खानदेश, देश, कोकण सगळं त्यात. कराचीचं कॉलेज, अहमदाबादचं, पुण्याचं डेक्कन आणि १८८५ पासून फर्ग्युसन, सगळ्यांच्या पदव्या मुंबईच्या. मग रंगीत पेन्सिलीने एकेक तुकडा वेगळा करत जा. सिंध १९४७ साली गेलं. पुण्याचं विद्यापीठ १९४९ साली उभं राहिलं, त्याच सुमाराला धारवाडचं कर्नाटक, अहमदाबादचं गुजरात आणि बडोदा. गोव्यातली कॉलेजं मुक्तीनंतर मुंबईला जोडलेली होती, त्यांचं वेगळं विद्यापीठ १९८५ साली झालं. एकत्र कुटुंबातून एकेक भाऊ बिऱ्हाड हलवतो, तसंच झालं. उरलं ते आजचं क्षेत्र: मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. सात जिल्हे. नवी मुंबईतल्या मुलांना हे आवर्जून सांगते, की वाशी-नेरूळचं कॉलेज ठाणे जिल्ह्यात आणि पनवेल-उरणचं रायगडात, पण पदवी एकाच विद्यापीठाची.

नकाशात जिल्ह्यांखेरीज आणखी एक गळती दाखवता येते आणि ती फारशी कुणी दाखवत नाही. वैद्यकीय शिक्षण १९९८ नंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेलं, म्हणजे ग्रँट मेडिकल गेलं. माटुंग्याचा रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग १९३३ साली विद्यापीठानेच काढला होता, तो २००८ साली स्वतंत्र झाला. आज आपण त्याला आयसीटी म्हणतो, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. आणि २०१९ साली होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं तेव्हा खुद्द एल्फिन्स्टन कॉलेज त्यात गेलं. ज्या कॉलेजांच्या जिवावर विद्यापीठ सुरू झालं, त्यातली मोठमोठी आज त्याच्याकडे नाहीत. माझ्या मते परिचयातला सगळ्यांत वाचनीय भाग हा. 'गौरवशाली परंपरा' वगैरे शब्दांपेक्षा हे दोन परिच्छेद लिहा.

शिकवणं कधी सुरू झालं, तेही नोंदवा. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवायला वाव मिळाला, पण मुंबईत प्रत्यक्ष विभाग सुरू व्हायला आणखी वेळ गेला. समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला, हे नगररचनाकार. पुढे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो वाढवला. म्हणजे पहिली साठेक वर्षं विद्यापीठ म्हणजे दप्तर, परीक्षा आणि पदवीदान समारंभ. निकाल उशिरा लागला की आपण करवादतो ना, तेव्हा हे आठवावं: परीक्षा हा या संस्थेचा मूळ धंदा आहे, म्हणून तिथली ढिलाई जास्त बोचते.

थोर विद्यार्थ्यांची यादी. माझा नियम साधा: परीक्षा कुठली आणि साल कुठलं, हे दोन्ही लिहिता येत असेल तरच नाव घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर: बी.ए., १९१२, एल्फिन्स्टन. बाळ गंगाधर टिळक: डेक्कन कॉलेजमधून बी.ए., आणि १८७९ साली एलएल.बी. कॉर्नेलिया सोराबजी: डेक्कन कॉलेज, विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर, सालासाठी वाचनालयात बसा, ते काम मी करून देणार नाही. मोहनदास गांधी: मॅट्रिक, १८८७, केंद्र अहमदाबाद. गांधीजी 'मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी' म्हणून सर्रास छापतात. मॅट्रिक तेव्हा विद्यापीठ घेत असे, एवढाच तो संबंध मुख्यतः आहे, तेवढाच लिहा. पां. वा. काणे यांचं नाव घ्यायचं तर कुलगुरू म्हणूनही घ्या. वरच्या मजल्यावरच्या मुलीने मला विचारलं, "काकू, क्रिकेटर चालतील का?" म्हटलं, पदवीचं साल आण, मग चालतील. आली नाही परत.

वाचनासाठी लांब जायला नको. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे, तिथे जुनी चरित्रं चांगली मिळतात, आणि रानडे-भांडारकर-तेलंगांच्या चरित्रांत विद्यापीठ असतंच असतं. मराठी विश्वकोश आता मोबाइलवरही वाचता येतो. वडिलांचं किंवा आजोबांचं पदवीपत्र घरात असेल तर तेही घ्या. ४ सप्टेंबर १९९६ च्या आधीचं असेल तर इंग्रजीत 'युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे' दिसेल, नंतरचं असेल तर 'मुंबई'. ज्या काळाबद्दल लिहिताय, त्या काळचं नाव वापरा.

आता प्रत्यक्ष बघणं. एका दिवसात सगळं करू नका, दमछाक होते आणि फोटोंपलीकडे हाती काही लागत नाही. फोर्टला दुपारचे जा. ठाण्याहून सीएसएमटी, तिथून हुतात्मा चौकापर्यंत चालत, मग उजव्या हाताला वळून ओव्हल मैदान. इमारतींचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी त्या सावलीत असतात. तीननंतर ऊन समोरून पडतं आणि कुर्ल्याच्या दगडाचा रंग खरा दिसतो. आधी रस्त्याच्या पलीकडे, मैदानाच्या कडेला उभे राहा. डावीकडे उच्च न्यायालय, समोर मनोरा आणि ग्रंथालय, उजवीकडे दीक्षान्त सभागृह आणि त्यापलीकडे जुनं सचिवालय. ग्रंथालयाच्या कोपऱ्यांवरचे गोल उघडे जिने बघा. मनोऱ्यावर नजर चढवत नेलीत तर कोनाड्यांत माणसांच्या मूर्ती दिसतील. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांचे ते पोशाख आहेत, पगड्यांवरून ओळखायचा प्रयत्न करा. दुर्बीण असेल तर न्या, मुलं हसतील, हसू द्या. मनोऱ्यावर चढू देत नाहीत, त्यासाठी हुज्जत घालू नका. दारावर कॉलेजचं ओळखपत्र दाखवावं लागेल असं धरूनच निघा. सभागृहाची मोठी गोल खिडकी रंगीत काचेची आहे आणि तिच्यात बारा राशी आहेत. आतून बघायला मिळाली तर फार छान, कारण बाहेरून ती नुसती काळपट जाळी दिसते. हिरवळीवर बसलेला पुतळा कावसजी जहांगीरांचा. हा सगळा परिसर २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, मैदानापलीकडच्या आर्ट डेको इमारतींसकट. तेवढ्यासाठी मागे वळून मैदानाची दुसरी बाजूही बघा.

कलिना वेगळ्या दिवशी, आणि कामाच्या दिवशी. कुर्ल्याला उतरून पश्चिमेकडून रिक्षा किंवा बस. विद्यानगरी, म्हणजे विद्यापीठाचं कलिन्याचं आवार, दोनशे एकरांहून मोठी आहे. पदव्युत्तर विभाग, जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, परीक्षा विभाग सगळं तिथे. फोर्टला जे डोळ्यांत भरतं ते इथे नाही, पण चालतं विद्यापीठ हेच. परीक्षा विभागाच्या खिडक्यांसमोरची रांग दहा मिनिटं नुसती उभं राहून बघा: हातात प्लॅस्टिकच्या फायली, कुणाला परदेशी पाठवायला ट्रान्सक्रिप्ट हवंय, कुणाच्या नावात एक वेलांटी चुकलीय, कुणी सावंतवाडीहून रात्रीच्या गाडीने आलंय. सात जिल्ह्यांचं क्षेत्र म्हणजे काय, ते त्या रांगेत कळतं.

त्याच गैरसोयीतून उपकेंद्रं आली. ठाण्याचं बाळकुमला आहे. स्टेशनवरून टीएमटीची बस किंवा कापूरबावडीपर्यंत जाऊन पुढे शेअर रिक्षा. तिथे पाच वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम चालतात, कायद्याचा आणि व्यवस्थापनाचा. ठाण्याच्या मुलाला ठाण्यातच खुद्द विद्यापीठ शिकवतंय, संलग्न कॉलेज नव्हे, ही गोष्ट १८५७ च्या कायद्यात कुणाच्या मनातही नव्हती. कल्याण आणि रत्नागिरीलाही उपकेंद्रं आहेत. घरी बसून शिकणाऱ्यांसाठी दूरशिक्षण १९७१ सालापासून आहे, त्याचाही एक परिच्छेद करा, कारण नोकरी करून पदवी घेतलेली माणसं तुमच्याच इमारतीत सापडतील. त्यांच्याशी बोला.

कारभाराबद्दल थोडक्यात: सध्याचा कायदा २०१६ चा, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम. कुलपती आजही राज्यपाल, तेवढी एल्फिन्स्टनच्या काळची खूण टिकली आहे. अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद ही तीन नावं आणि प्रत्येकीचं काम एकेका ओळीत लिहा, जास्त नको. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा जण असतात. पदवी मिळाल्यावर ही नोंदणी तुम्हालाही करता येते, पण ती आपोआप होत नाही, अर्ज भरावा लागतो.

शेवटी आकडे, आणि इथे सगळे घसरतात. नॅकचं, म्हणजे विद्यापीठं-कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचं, मूल्यांकन २०२१ साली झालं, श्रेणी ए प्लस प्लस, गुण ४ पैकी ३.६५, हे पक्कं आहे, सालासकट लिहा. संलग्न कॉलेजांचा आणि विद्यार्थ्यांचा आकडा मात्र दरवर्षी हलतो. कॉलेजं सातशेहून अधिक आहेत, नेमका आकडा विद्यापीठाच्या ताज्या वार्षिक अहवालातून घ्या आणि शेजारी अहवालाचं वर्ष टाका. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर मोठा उचलू नका, नवा उचला. आणि तुमच्या स्वतःच्या कॉलेजला संलग्नता कुठल्या वर्षी मिळाली, कुठल्या अभ्यासक्रमाला, स्वायत्तता आली असेल तर कधी, हे कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारा. ते पत्र एका जुन्या फाइलमध्ये असतं आणि ती फाइल बहुधा एकाच माणसाला सापडते. तो रजेवर नाही ना, ते आधी शिपायाला विचारून घ्या.